लहानूच्या चार्जमधली तीन लेकरं

लहानू मेश्रामनं त्या रविवारी शेजारच्या दौलतरावांकडे चहाचा दुसरा कप घेतला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. दौलतराव भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये, फोरमन होते. कारखान्यानं त्यांना ट्रेनिंगसाठी रशियात, उरल डोंगरातल्या कुठल्याशा गावी, आठ महिने धाडलं होतं. त्याला आता पाच वर्षं झाली होती, पण दौलतराव तिथून अजून पुरते परत आले नव्हते. पहिला कप संपेपर्यंत ते भिलाईत असायचे. दुसरा कप हातात आला की बर्फ पडायला लागायचा.

"विदेश म्हनजे खायचं काम नाई, लहानू," दौलतराव त्या दिवशीही म्हणाले. "त्यातून डोंगर. एकटा मानूस असन तर निभते. लेकरंबाळं घेऊन कोनी गेलं, तर तिसऱ्या दिवशी रडत वापस येते. शिस्त पायजे. आपल्या लोकाईत शिस्त नाई."

लहानू त्याच मिलमध्ये क्रेन चालवत होता. साकोलीकडून आला तेव्हा इथं फक्त माती होती, आणि त्यानं ती डोक्यावरून वाहिली होती. आता तो त्याच जागी उंच केबिनमध्ये बसून लाल तापलेलं लोखंड इकडून तिकडे ठेवत असे. आजवर त्याच्या हातून एक रूळ वाकडा पडला नव्हता. अशा माणसाला शिस्त नाही म्हटल्यावर त्याचं टाळकं सरकणारच.

"आमी चाल्लो," तो म्हणाला.

"कुटं?"

"विदेशात. डोंगरात. लेकरं घेऊन."

दौलतरावांचा कप ओठापाशी थांबला. (एवढंच पाहायला लहानूनं ते वाक्य टाकलं होतं. पण टाकलेलं वाक्य क्रेननं परत उचलता येत नाही.)

घरी रुक्मा तांदूळ निवडत बसली होती. लहानू तिच्या समोर उकिडवा बसला.

"रुक्मा, आपल्याले विदेशात जा लागते."

"कावून?"

"मी सांगून आलो."

रुक्मानं सुपातून एक खडा काढला, दूर फेकला आणि विचारलं, "विदेश कोन्या बाजूले हाय, ते तरी मालूम हाय का तुमाले?"

ते लहानूला दुसऱ्या दिवशी मालूम झालं. त्याच्याच शिफ्टमध्ये भय्याजी म्हणून एक जण होता, तो नेपाळच्या सीमेवरच्या रक्सौलकडचा. तो म्हणाला, नेपाळ म्हणजे विदेशच, काठमांडू म्हणजे डोंगरातलंच गाव, आणि तिथं जायला पासपोर्ट लागत नाही. शिवाय तिथं टेकडीवर स्वयंभूचा मोठा स्तूप आहे, त्याला चारी बाजूंनी बुद्धाचे डोळे काढलेले आहेत. हे ऐकून रुक्मा एका वाक्यात तयार झाली. नागपूरला दीक्षा घेतल्यापासून तिच्या मनात बुद्धाच्या ठिकाणी जायचं होतं, आणि आठ वर्षांत ती फक्त बाजारात गेली होती.

अडून बसली ती लहानूची आई, गिरजाबाई. तिचा नातवंडांवर जीव. लहानूवरही होता, पण भरवसा नव्हता.

"तू जाय, तुह्या बायकोले ने," ती म्हणाली. "लेकराईले कावून नेतं? लहानपनी तुले बकऱ्या चाराले धाडलं, तर बकऱ्या घरी आल्या न् तू सांजच्यापावत आला नाई."

"माय, तवा शिस्त नव्हती. आता मी प्लांटमधी हाओ."

"हे पाय लहान्या. सुजाता, महेंद्र, उपाली. तिनई मोजून देऊन राहिली. मोजून वापस घेईन. एक जरी कमी भरलं तर या घरात पाय ठिवू नोको."

लहानूनं मान डोलावली. सुजाता आठ वर्षांची, महेंद्र सहाचा, उपाली पावणेचारचा. चाळीस टन लोखंड हलवणाऱ्याला हे ओझं ते काय. पण रात्रपाळीला केबिनमध्ये बसल्यावर त्याला एक फरक जाणवला. लोखंड ठेवलं तिथं राहतं. पोरं राहत नाहीत.

मग त्यानं पद्धत काढली.

कारखान्यात कुठल्याही माणसाला, बदली माणूस आल्याशिवाय आणि वहीत सही करून त्याला चार्ज दिल्याशिवाय, जागा सोडता येत नाही. आणि प्रत्येक कामगाराचं एक पितळी टोकन असतं. टोकन ज्या खिळ्यावर, माणूस त्या खात्यात. टाइम ऑफिसचा बाबू माणसाचं तोंड पाहत नाही, टोकन पाहतो. लहानूनं डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून तीन गोल टोकनं केली, खिळ्यानं ठोकून एक, दोन, तीन असे आकडे पाडले, प्रत्येकात दोरा ओवला आणि एक वही आणली. सकाळी सहा ते दुपारी दोन लहानूची ड्यूटी, दोन ते दहा रुक्माची. ज्याच्या ड्यूटीत पोरं, त्याच्या खिशात टोकनं. मध्ये कोणी एखादं पोर नेलं तर त्याचं टोकन मागून न्यायचं. टोकन दिल्याशिवाय पोर द्यायचं नाही.

"लेकरं हायत का क्रेन हाय?" रुक्मानं विचारलं.

"क्रेन कवा पडली का माह्यी?"

"क्रेनले सू लागत नाई."

"सू लागली तर टोकन घेऊन जाय," लहानू म्हणाला. पद्धतीत सगळं बसत होतं.

डिसेंबरात नाताळची सुट्टी लागली आणि दुर्गच्या स्टेशनावर अर्धी रेल मिल त्यांना पोचवायला आली. दौलतरावही आले. त्यांनी लहानूला बर्फावर कसं चालायचं ते दाखवलं आणि शिस्त सांभाळायला सांगितलं.

खरं सांगायचं तर प्रवासात पद्धत उत्तम चालली. चार गाड्या बदलून रक्सौल येईपर्यंत वहीत नोंदी अशा होत्या: "सुजाता - ठीक. महेंद्र - उजवा गुडघा खरचटलेला (जुना). उपाली - नाक चालू." खाली चार्ज देणार, चार्ज घेणार, दोन सह्या. रुक्मा सही करताना एक शब्द बोलत नसे. तिच्या न बोलण्याचा अर्थ लहानूनं मान्यता असा घेतला. (लग्नाला दहा वर्षं झालेल्या माणसानं असा अर्थ घ्यावा, याचं सांगणाऱ्याला अजून नवल वाटतं.)

रक्सौलपुढची बस मात्र दिवसभर डोंगरात गोल गोल फिरत राहिली. त्या दिवसाची नोंद: "महेंद्र - दोनदा ओकला. उपाली - चारदा. सुजाता - एकदा, पण सीटवर." लहानूचा आकडा वहीत नाही, कारण लिहिणाराच बराच वेळ खिडकीबाहेर होता.

काठमांडूत उतरल्याबरोबर थंडीनं पोरांचे कान लाल झाले. बाजारात एका दुकानदारानं लाल लोकरीच्या कानटोप्यांचा मोठा ढीग मांडला होता. लहानूनं तीन घेतल्या. टोपी घातली की पोराचे फक्त डोळे आणि नाकाचा शेंडा दिसायचा. लाल रंग लांबूनही ओळखू येतो, म्हणून लहानू स्वतःवर खूश झाला. त्या दुकानदाराचा ढीग तीन दिवसांत निम्मा झाला होता, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंभूच्या टेकडीखाली आले. समोर उभी चढण, दोन्ही बाजूंनी झाडं, आणि पायऱ्या वर वर जात पार दिसेनाशा झालेल्या. रुक्मानं वर पाहून हात जोडले. तिचा चेहरा असा झाला होता की लहानूला उगाच आनंद वाटला.

"आता तुमची ड्यूटी हाय," रुक्मा म्हणाली. "लेकरं तुमच्यापाशी. मी वर जाऊन घडीभर एकली बसतो. दिवा लावतो, वंदना म्हनतो. आठ वर्सं झाली, एकलं बसून नाई पाह्यलं. दोन वाजता खाली येऊन चार्ज घेतो."

"जाय. तिनई टोकनं माह्या खिशात हायत."

रुक्मा चढायला लागली. आता लहानूनं सरळ पोरांचे हात धरून मागोमाग चढावं की नाही? पण दौलतरावांनी रशियातल्या कुठल्या तरी इमारतीच्या पायऱ्यांचा आकडा त्याला किमान वीस वेळा ऐकवला होता. स्वयंभूला किती पायऱ्या, हे इथं कोणी काही सांगे, कोणी काही. लहानूनं ठरवलं, आपण स्वतः मोजायच्या आणि पक्का आकडा भिलाईला न्यायचा.

पहिल्या खेपेला एकशे चाळिसाव्या पायरीवर एक माकड येऊन बसलं आणि उठेना. त्याच्या बाजूनं गेलं तर ती पायरी धरायची की नाही, या विचारात पुढचा आकडा गेला. लहानू पोरांना तिथंच बसवून खाली आला आणि पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या यात्रेकरूनं त्याला किती वाजले विचारलं. लहानूनं घड्याळ पाहून सव्वाअकरा सांगितले आणि पुढची पायरी बारावी मोजली. तो पुन्हा खाली आला.

तिसऱ्या खेपेपर्यंत पोरं कंटाळली. महेंद्र माकडाला शेंगा देत होता आणि माकड उपालीच्या टोपीकडे पाहत होतं. वरच्या टप्प्यावर रुक्मा दम खायला थांबली होती. तिनं खाली पाहिलं आणि हाक मारली.

"अजी, लेकराईले घेऊन जाऊ का वर?"

"सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर," असं पुटपुटत लहानूनं हात वर केला. त्याचा अर्थ होता, आता बोलू नको. रुक्मानं अर्थ घेतला, ने. तिनं तिघांना बोलावलं आणि ती पुढे गेली. एकटं बसणं राहिलं, पण पोरं माकडाच्या तावडीतून वाचली.

हे तुम्हाला कळलं, मला कळलं. लहानूला नाही. तो दोनशे अठराव्या पायरीवर थांबून घाम पुसायला लागला, तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहिलं. सुजाता नाही. महेंद्र नाही. उपाली नाही. माकडही नाही.

त्यानं खिशात हात घातला. तीन टोकनं वाजली.

आता साधा माणूस म्हणाला असता, आईबरोबर वर गेली असतील. पण लहानूनं आठवडाभर पद्धत चालवली होती. टोकनं माझ्याजवळ म्हणजे पोरं माझ्या चार्जमध्ये. पोरं माझ्या चार्जमध्ये, आणि मला दिसत नाहीत. म्हणजे हरवली. रुक्माजवळ असायला तिच्याजवळ टोकनं हवीत; ती नाहीत, म्हणून पोरं तिच्याजवळ नाहीत. हे इतकं सरळ होतं की त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

तो मटकन पायरीवर बसला. परदेशी गाव, डोंगर, थंडी, आणि तिन्ही लेकरं गेलेली. तो घाबरला होता, आणि तेही फार घाबरला होता. वर जायला पंधरा मिनिटं लागली असती. पण वर रुक्मा दिवा लावून वंदना म्हणत बसली असणार, आणि तिला जाऊन सांगायचं काय? आणि तिच्या मागे, भिलाईत, आई मोजून घ्यायला बसलेली. घड्याळात सव्वाबारा झाले होते. दोन वाजता रुक्मा चार्ज घ्यायला येणार. तेवढ्या वेळात तिघं शोधायची, असं ठरवून तो खाली धावत सुटला.

टेकडीखाली दहा-पंधरा घरं, दोन-चार दुकानं आणि शेतं. लहानूनं दिसेल त्याला धरून विचारलं, "भय्या, तीन बच्चा देखा? लाल टोपी?"

लोकांनी सगळीकडे बोटं दाखवली, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. उजवीकडे दोन लाल टोप्या भोवरा खेळत होत्या. डावीकडे एक लाल टोपी रडत होती. समोरून एका बाईच्या पाठीवर बांधलेली एक लाल टोपी चालली होती. दुकानदाराचा निम्मा ढीग तिथं फिरत होता. लहानूनं भोवऱ्यावाल्या दोघांच्या टोप्या वर करून पाहिल्या, तेव्हा त्यांनी त्याच्या नडगीवर लाथा मारल्या.

तेवढ्यात शेंगदाणेवाल्याच्या टोपलीपाशी त्याला एक बारकी लाल टोपी दिसली. उंची तीच. नाक चालू.

"उपाली," लहानू ओरडला.

टोपी वळली. (परक्या गावात मागून कोणी एवढ्या मोठ्यानं ओरडलं तर तुम्हीही वळाल.) लहानूनं त्याला उचललं, छातीशी धरलं आणि त्याच्या गळ्यात तीन नंबरचं टोकन अडकवलं. पोरगं गारठलंय असं वाटून अंगातला स्वेटर काढून त्याला गुंडाळला. पोरानं तोंडातले दाणे चावत त्याच्याकडे पाहिलं. रडलं नाही की बोललं नाही.

"दादा-ताई कुटं हायत, बेटा?"

पोरानं खाली उतरायला अंग वळवलं. उतरल्यावर लहानूचं बोट धरलं आणि ते चालायला लागलं. लहानूच्या जिवात जीव आला. याला माहीत आहे, हा नेतोय. दोन शेतं ओलांडून, एका ओढ्यावरून, विटांच्या भिंतीमधल्या बोळातून ते एका अंगणात आले. तिथं एक म्हातारी उन्हात मोहरीचा पाला वाळत घालत बसली होती. पोर तिच्या मांडीवर जाऊन बसलं आणि त्यानं टोपी काढली.

टोपीतून दोन वेण्या पडल्या.

उपालीच्या वेण्या कोणी घातल्या, हा लहानूच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. आपली तीन पोरं हरवली आहेत, आणि वर आपण दुसऱ्याचं एक उचलून आणलं आहे, हा तो विचार. 

म्हातारीच्या दृष्टीनं गोष्ट सोपी होती. थंडीत भटकणाऱ्या तिच्या नातीला एका परदेशी माणसानं अंगातला स्वेटर दिला, गळ्यात दागिना घातला आणि घरी आणून सोडलं. असे पाहुणे रोज येत नाहीत. तिनं लहानूला हाताला धरून चटईवर बसवलं. तो कुडकुडत होता, म्हणून आतून एक जाड शाल आणून त्याच्या अंगावर टाकली आणि घरातल्या कुणाची तरी नेपाळी टोपी त्याच्या डोक्यावर बसवली. मग पितळी ताटलीत चिवडा आणि बटाट्याची भाजी ठेवली.

"खानुस्," ती म्हणाली.

लहानूनं तीन बोटं दाखवली. मग हातानं तीन उंच्या दाखवल्या, ही एवढी, हा एवढा, हा एवढा. मग दोन्ही हात हवेत उडवले, म्हणजे गेले.

म्हातारीनं समजून मान हलवली आणि आणखी दोन ताटल्या आणल्या.

"नाई माय, लेकरं. बच्चे. तीन." लहानूनं पुन्हा बोटं दाखवली आणि छातीवर हात ठेवला.

म्हातारीनं आपली पाच बोटं दाखवली, पाच उंच्या दाखवल्या, त्यातल्या चौथ्या उंचीशी थांबून डोळ्याला पदर लावला. मग ताटली पुढे सरकवली. "खानुस्, खानुस्."

लहानूनं घास घेतला, कारण आईच्या वयाच्या बाईला नाही कसं म्हणायचं.  आणि मग तो एकदम रडायला लागला. लोखंड उचलणारा, मिलमध्ये ज्याच्या हाताखाली दोन माणसं होती असा पस्तीस वर्षांचा लहानू परक्या अंगणात चिवड्याच्या तीन ताटल्यांसमोर बसून मोठ्यानं रडला. त्याला त्या क्षणी आकडा नको होता, विदेश नको होता, दौलतराव जिंकले तरी चालणार होतं. त्याला फक्त तिघं पाहिजे होती. नातीनं टोकन चोखायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

रडणं मात्र दोन्ही देशांत सारखंच असतं. म्हातारी उठली, तिनं नातीला कडेवर घेतलं, लहानूचं मनगट धरलं आणि त्याला ओढत टेकडीखालच्या पोलीस चौकीवर नेलं. तिनं हवालदाराला काहीतरी भरभर सांगितलं. हवालदार गोरा, बुटका आणि टापटिपीचा होता. जुन्या पलटणीत असताना त्यानं हिंदुस्थानात दहा वर्षं काढली होती, त्यामुळे हिंदी चांगलं बोलायचा. चौकीतल्या घड्याळात दोनला पाच मिनिटं कमी होती.

"बोलो, क्या खोया?"

"तीन बच्चा, साहेब. मेरे चार्ज में थे."

"नाम?"

"सुजाता, महेंद्र, उपाली. लाल टोपी."

हवालदारानं रजिस्टरचं मागचं पान उलटलं. मग पुन्हा पुढचं. मग लहानूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कहाँ से आये?"

"भिलाई से."

"बच्चे नहीं खोये," हवालदार म्हणाला. "बच्चे आधे घंटे से अंदर चाय पी रहे हैं."

लहानूला वाक्य ऐकू आलं, पण आत शिरेना. "अंदर कैसे होंगे? टोकन तो मेरे पास है." त्यानं खिशातली दोन टोकनं टेबलावर ठेवली आणि तिसऱ्यासाठी म्हातारीच्या नातीकडे बोट दाखवलं. नातीनं टोकन मुठीत घट्ट धरलं.

"तो फिर खोया कौन, साहेब?"

 हवालदारानं रजिस्टरमधली एक वाजून वीस मिनिटांची नोंद मोठ्यानं वाचली. "एक आदमी. नाम लहानू. उमर पैंतीस. रंग साँवला, भूरा स्वेटर. गिनती करते हुए आखिरी बार देखा गया. आवाज देने पर जवाब नहीं देता. परदेश में पहली बार. मिले तो पहले कुछ खिलाओ, फिर पूछो." मग खाली लिहिलेलं नाव वाचलं. "खबर देनेवाली, सुजाता मेश्राम, तीसरी कक्षा."

आतल्या दाराचा पडदा हलला. रुक्मा बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. मागे सुजाता, महेंद्र, आणि दोन्ही हातांनी कप धरलेला उपाली. तिघं. लहानूनं मोजलं. पुन्हा मोजलं. तीनच्या तीन होती, आणि तो तिथंच खुर्चीत बसला.

"कुटं होते तुमी?" रुक्मा म्हणाली.  "वरून खालपावत पाह्यलं, झाडाझाडाखाली पाह्यलं. मले वाटलं, दरीत गेले का काय."

"टोकनं माह्यापाशी होती," लहानू म्हणाला.

"लेकरं माह्यापाशी होती," रुक्मा म्हणाली.

यावर वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं पदरानं त्याच्या गालाला लागलेला चिवडा पुसला, आणि पुसता पुसता तिला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि ती तोंड फिरवून भिंतीकडे पाहत उभी राहिली.

मामला इथं मिटायचा. पण हवालदार लहानूपेक्षाही शिस्तीचा निघाला. नोंदीत भुरा स्वेटर होता आणि समोरच्या माणसाच्या अंगावर नेपाळी शाल, डोक्यावर नेपाळी टोपी. हरवलेला माणूस सापडला असं लिहायचं तर घरच्या सगळ्यांनी तो ओळखायला हवा, असा त्याचा नियम. नियमच म्हटल्यावर लहानूनं मान डोलावली.

"बेटी, ये तुम्हारे पिताजी हैं?"

सुजातानं नीट पाहून हो म्हटलं. महेंद्रनं लांबूनच हो म्हटलं, कारण त्याला बिस्किट संपवायचं होतं. मग हवालदार खाली वाकला. "और तुम, छोटे साहब? ये बाबा हैं?"

उपाली कप घेऊन जवळ आला. त्यानं टोपी पाहिली, शाल पाहिली, लहानूचं तोंड पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"हे नाई."

"अरे, मी हाओ ना, उपाली," लहानू म्हणाला.

"नाई. आमचे बाबा निजून राह्यते."

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं रुक्माकडे पाहिलं. रुक्मा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "लेकरू खोटं नाई बोलत, साहेब. आठवड्याले यांची शिफ्ट बदलते. हा जागा असते तवा हे निजलेले."

मग काय करणार. लहानू उठला, भिंतीलगतच्या बाकावर आडवा झाला, पाय पोटाशी घेतले, शाल डोक्यावरून ओढली आणि ओळख पक्की व्हावी म्हणून थोडा घोरला.  उपालीनं कप खाली ठेवला, बाकापाशी जाऊन शालीचा कोपरा उचलला, आत डोकावला आणि कोपरा हळूच खाली सोडला. मग हवालदाराकडे वळून त्यानं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला. बाबाची रातपाळी झाली हाय."

हवालदारानं पेन उचललं आणि, कागदाचाही आवाज न करता, माणूस सापडल्याची नोंद केली.